सगळी पुस्तकं होल्डवर

मी संत तुकाराम नगरातल्या त्या घरी सामान घेऊन पोचले, तेव्हा घरमालकांनी माझ्याकडे बघायच्या आधी माझ्या बॅगेकडे बघितलं. खिशातून पिवळ्या स्टिकरांचा रोल काढला, एक स्टिकर टर्रकन फाडला आणि बॅगेवर चिकटवला. दुसरा फाडला आणि माझ्या खोलीच्या दारावर अंगठ्याने दाबून बसवला.

"होल्ड," ते म्हणाले.

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे तपासणी बाकी. चांगली म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. होल्ड."

मी जालन्याची. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग त्याची उलटतपासणी घेतात. इथे सगळाच उलटा कारभार. मी तिथूनच मागे फिरले असते, पण चाकणला जाणारी आमच्या कंपनीची बस त्याच गल्लीच्या तोंडाशी थांबायची. शिवाय आतून एक बाई ओरडली, "अवो, त्या पोरीला आत तर येऊ द्या! च्या टाकलाय म्या." त्या चहापायी मी तिथे राहिले, ती थेट लग्न होईपर्यंत.

काकांनी उभा जन्म पिंपरीतल्या एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला काढला होता. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे. पास झाला की हिरवा स्टिकर, नापास झाला की लाल, आणि ज्याला अजून कुणी तपासलेलंच नाही त्याला पिवळा. पिवळा स्टिकर लागलेला माल खुद्द मॅनेजर आला तरी जागचा हलवायचा नाही. कारखान्यात ही शिस्त उत्तमच असणार, मी काही बोलत नाही. पण काका रिटायर झाले आणि येताना ती शिस्त घरी घेऊन आले, तिथे सगळा घोळ झाला.

घरात कशाला स्टिकर नव्हता ते विचारा. लोणच्याच्या बरणीला मुरेपर्यंत पिवळा. गॅलरीतल्या तुळशीला हिरवा, शेजारच्या कोरफडीला पिवळा, कारण काकांच्या मते ती "जगायचं की नाही ते ठरवत नव्हती". लेकीच्या लग्नाच्या फोटोत जावयाच्या फेट्यावर लाल. जावई दिवाळीला यायचा तेव्हा काकू त्या फोटोवर कॅलेंडर टांगायच्या, आणि जावई दर वर्षी विचारायचा की आमचा फोटो कुठे गेला.

एका गणपतीत तर त्यांनी काकूंच्या उकडीच्या मोदकांना व्हर्नियर लावला. व्हर्नियर म्हणजे लोखंडी तुकड्याची जाडी मोजायचं हत्यार. मोदकांना! एक मोदक मापात बसेना म्हणून त्याला लाल स्टिकर लावला. तो मोदक काकूंनी काकांच्याच ताटात वाढला, स्टिकरसकट, वर तुपाची धार सोडून.

गल्लीतल्या आम्ही भाडेकरणी त्यांना होल्डकाका म्हणायचो. अर्थात पाठीमागे. पण माणूस तुसडा नव्हता हो. आमची बस मोशीच्या जॅममध्ये अडकली आणि मला यायला उशीर झाला, की काका गल्लीच्या तोंडाशी उभे असायचे. मी दिसले की घड्याळाकडे बघून "आउटपुट लेट" म्हणायचे आणि पाठ फिरवून पुढे चालू लागायचे. कधी एका शब्दाने म्हणाले नाहीत की काळजी वाटली.

काकू चिखलीच्या. आत्ताच्या टॉवरवाल्या चिखलीच्या नव्हेत, शेतातल्या चिखलीच्या. शाळा लवकर सुटली, पण वाचनाचं वेड असलं की काही विचारू नका. तांदूळ निवडताना वाचायच्या, भाजी ढवळताना वाचायच्या, आणि भाजी करपली की काका लाल स्टिकर शोधायला लागायचे. नगरातली भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी बंद पडली तेव्हा लेकीने त्यांना टॅब घेऊन दिला. मग ई-पुस्तकं साठत गेली, पूर्वी वाचलेलीही आणि नवीही. काका मात्र पुस्तकाच्या वाटेला कधी गेले नाहीत. "पुस्तकाला ड्रॉइंग नसतं, माप नसतं, मग ते बरोबर आहे हे कळायचं कसं?" असा त्यांचा सवाल असायचा, आणि आपण फार बिनतोड बोललो अशा चेहऱ्याने ते सगळ्यांकडे बघायचे.

मी राहायला गेले तेव्हाच काकूंचे डोळे बिघडत चालले होते. शुगरने पडदा खराब केला होता. समोर बघितलं की नेमकी मधली जागा पुसल्यासारखी दिसायची. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. काकू टॅबवरचं अक्षर एवढालं करून वाचायच्या. पानावर चार शब्द, की बोट, की पुढचं पान. तेही त्यांना चालत होतं. गाडी अडायची ती पुस्तक निवडताना. यादीतली नावं बारीक, ती लागायचीच नाहीत.

मी म्हटलं, "काकू, मी काढून देत जाईन ना. तुम्ही फक्त नाव सांगा."

"नाव ठावं असतं तर काय पायजे व्हतं? आगं, कपाटाफुडं उभं ऱ्हायाचं, ह्ये नको, त्ये नको करायचं, मंग एखादं हाताला लागतं. त्यातच खरी मजा हाय. दुसऱ्यानं ताटात वाढल्यालं म्या जेवीन, पर वाचायची न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "डोळं गेलं तर जाऊ दे. पर माझं पुस्तक माझं मला निवडता आलं पायजे बघ."

काका दाराशी उभे राहून हे ऐकत होते. त्यांनी कोरफडीला पाणी घातलं आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी दिवाणखान्यातला टीव्ही कम्प्युटरला जोडलेला, आणि समोर काका. "ए आयटी, इकडे ये."

मी चाकणला गोडाऊनच्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सांभाळायचे. पुस्तकांशी माझा काय संबंध? पण काकांच्या लेखी कम्प्युटरला हात लावणारे सगळे एकाच माळेचे मणी. ई-पुस्तकांची लायब्ररी लावून ठेवणारं एक फुकट सॉफ्टवेअर त्यांनी कुठून तरी हुडकलं होतं. त्यात आपले आपण नियम लिहिता येतात: पुस्तकाला अमुक खूण असेल तर नावापुढे अमुक चित्र दाखव. भुताच्या गोष्टीपुढे कवटी, प्रवासाच्या पुस्तकापुढे बैलगाडी. टीव्हीवर ती चित्रं चांगली मोठी दिसायची, आणि मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघितलं तर काकूंना रंग आणि आकार ओळखता यायचे. काकांनी हे सगळं आधी स्वतः एक डोळा झाकून करून बघितलं होतं.

मी त्यांना एक नियम लिहून दाखवला. हे असेल तर ते दाखव, नाहीतर काही दाखवू नको. काका हरखलेच. "अरे, हे तर आपलंच काम, राव! टॅगिंग!" म्हणाले, आणि मला खुर्चीवरून उठवलं.

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं, पण कंपनीत मालाची मोजदाद चालू होती आणि मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. काकांनी एकट्याने सगळे नियम लिहून काढले. मग एका सकाळी मोठ्या थाटात काकूंना टीव्हीसमोर बसवलं. काकूंनी मान वाकडी केली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"अवो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "समदी पिवळीच दिसत्यात. डोळं आनखी गेलं का काय माझं?"

त्यांचा तो आवाज ऐकून मी खोलीतून धावत बाहेर आले आणि टीव्हीकडे बघितलं. सगळी पिवळीच होती! वरपासून खालपर्यंत, एकूण एक पुस्तकापुढे पिवळा गोळा.

"काकू, तुमचे डोळे ठीक आहेत. यांचंच डोकं गेलंय."

झालं होतं असं की काकांनी नियमांच्या अगदी वर स्वतःचा एक नियम ठोकून दिला होता: जे पुस्तक तपासलेलं नाही, ते होल्ड. आणि ते सॉफ्टवेअर वरून खाली नियम बघत येतं आणि जो पहिला लागू पडेल तिथेच थांबतं. कवटी, बैलगाडी बिचारी खाली ताटकळत उभी.

"काका, वरचा नियम लागला की ते खाली बघतच नाही."

"बरोबर आहे त्याचं. होल्ड असताना खाली बघायचंच कशाला?"

"अहो, ही पुस्तकं आहेत, ब्रेकचे भाग नाहीत!"

"तपासल्याशिवाय माल पुढे सोडत नसतात, मॅडम."

"आणि तपासणार कोण?"

ज्याने लग्नपत्रिकेपलीकडे काही पूर्ण वाचलं नव्हतं त्या माणसाने छाती पुढे काढली आणि म्हणाला, "मी."

आणि बसले की तपासायला! कारखान्यात अख्खा लॉट थोडाच तपासतात? वरचा एक नग उचलायचा, मधला एक, तळाचा एक. काकांनी पुस्तकांना तेच लावलं. पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान. पास, नापास, पुढचं. दुपारच्या चहापर्यंत त्यांनी अख्ख्या मराठी साहित्याचा एक कोपरा निकालात काढला होता. काकूंची मात्र तक्रार नव्हती. काही का असेना, पिवळ्यातून रंग वेगळे व्हायला लागले होते. त्या त्यांना टिकल्या म्हणायच्या.

त्या तेव्हा एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या. त्यातल्या शिक्षिकेवर त्यांचा भारी जीव. जेवताना मला रोज बातमी द्यायच्या, आज बाई हेडमास्तरला कशी बोलली, आज तिला स्थळ आलं. एका संध्याकाळी त्यांनी यादी उघडली, मान वाकडी केली आणि विचारलं, "अवो, माझ्या बाईच्या पुस्तकाला लाल टिकली का वो?"

"रिजेक्ट आहे ते," काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "शेवटच्या पानावर बाई मरते. एवढी पानं खर्ची घातली आणि मेन पार्टच फेल."

मी डोक्याला हात लावला. काकूंचा टॅब मांडीवर तसाच राहिला.

"मेली?" त्या म्हणाल्या. "म्या हितं तिचं लगीन लावत बसलीया, आन् तुमी मारून बी टाकली?"

"मी नाही मारली. लिहिणाऱ्याने मारली. मी फक्त डिफेक्ट दाखवला."

"त्यो लाल रोल द्या हिकडं."

काकांनी निमूट स्टिकरांचा रोल दिला. काकूंनी लाल स्टिकर फाडला, हाताने काकांचा चेहरा चाचपला आणि कपाळावर बरोबर मधोमध चिकटवला. मग उठून आत गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी वाचणं सोडलं. टीव्ही लावायच्या नाहीत, टॅब चार्ज करायच्या नाहीत. विचारलं तर "डोळं दुखत्यात" म्हणायच्या. काकांनी आधी दुर्लक्ष करून बघितलं. मग टॅब स्वतःच चार्ज करून त्यांच्या उशाशी ठेवला. मग एका सकाळी मी बससाठी निघाले तर जिन्यात मला गाठलं.

"ती वाचत नाही," म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचं. आता आहे तेवढंही फुकट चाललंय. माझ्यामुळे." त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "मी फक्त चांगलं-वाईट सांगत होतो गं."

"ते तुम्हाला विचारलं कुणी, काका? त्यांना चांगलं-वाईट त्यांचं त्यांना कळतं. कुठलं पुस्तक कुठलं, एवढंच ओळखायचं होतं."

"मग ओळख काय द्यायची?"

"ते त्यांनाच विचारा की."

विचारायला त्यांना भलताच वेळ लागला. पण विचारलं. मग एका रविवारी काका कम्प्युटरवर पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचायचे, काकू खाटेवरून चित्र सांगायच्या, आणि मी ते चित्र शोधून लहान-मोठं करून द्यायचे. चित्रं ऐकून मी थक्कच झाले.

"त्याला पाळना लावा. लेकीच्या येळंला दवाखान्यात वाचलं व्हतं."

"पुढचं?"

"त्याला चप्पल."

"चप्पल का?"

"फेकून मारावं असलं हाय म्हनून."

"मग ते रिजेक्टच ना!" काकांना राहवेना.

"न्हाई. तीनदा वाचलंय म्या त्ये. पुढचं बोला."

पुढच्याला काकू म्हणाल्या, बस लावा. त्याच्या पुढच्यालाही बस. मग आणखी एक बस, आणखी एक. मी एक कंपनीची बस शोधली होती, निळ्या पट्ट्याची, ती लावून लावून माझं बोट दुखायला लागलं.

काकांनी शेवटी विचारलं, "यात बसच्या गोष्टी आहेत का सगळ्या?"

"बशीच्या गोष्टी कशाला असतील? तुमी सेकंड शिफ्टला असायचा तवाची हायती ही. तुमची बस येस्तोवर झोप येत न्हवती. मंग वाचायची."

"तू तर झोपलेली असायचीस. मी दार उघडायचो तेव्हा घोरत असायचीस."

"बशीचा आवाज आला की दिवा मालवायची. घोरायचं सोंग जमतंय की कुनाला बी."

"पण का?"

"तुमी म्हनला असता, माझ्यापायी जागू नगंस. आन् माझं वाचन बंद पडलं असतं. काय गरज व्हती सांगायची?"

टीव्हीवर बसच्या खाली बस, तिच्या खाली बस अशी रांग लागली होती, आणि काका त्या रांगेकडे बघत होते. मला एकदम भरून आलं, आणि हसूही फुटत होतं, त्यामुळे मी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले. परत आले तर काकांनी आपला होल्डचा नियम पकडून सगळ्यात खाली नेऊन टाकला होता. "ज्याला कुठलंच चित्र नाही त्यालाच फक्त पिवळा," म्हणाले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. लेन्स खराब आलीय म्हणे.

त्यानंतर काकू पुष्कळ दिवस मजेत वाचत होत्या. माझं लग्न झालं, मी ताथवड्याला राहायला गेले. लग्नात काकांनी माझ्या आहेराच्या पाकिटावर हिरवा स्टिकर लावला आणि नवऱ्याला हात मिळवताना त्याच्या कोटावर पिवळा. तो अजून विचारतो की मला कधी तपासणार.

मध्यंतरी बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे गेले. काकूंची नजर पार उतरली आहे हे लेकीने फोनवर सांगितलं होतं. आता चित्रंही दिसत नव्हती, उजेड-अंधार तेवढा कळायचा. जाताना माझा पाय जड झाला होता, खरंच सांगते. पण दारातच काकूंचा आवाज आला.

"न्हाई. फुडं चला."

"पाळणा," काका म्हणाले.

"नगं."

"चप्पल."

"आज डोस्कं शांत हाय. नगं."

काका टीव्हीसमोर बसून एकेक चित्र मोठ्याने सांगत होते, काकू खुर्चीत रेलून हे नको, ते नको करत होत्या, अगदी कपाटासमोर उभं राहिल्यासारख्या. त्या पुढच्या पुस्तकाची निवड आतापासूनच करून ठेवत होत्या, कारण चालू पुस्तक आज संपणार होतं. ते पुस्तक काका त्यांना वाचून दाखवत होते. काका! मी विचारलं, कुठलं? काका उठून माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "लाल."

"बाईचं? ते अर्धं टाकलेलं?"

"तिनेच मागितलं. मी यादीत ते पटकन ओलांडत होतो, तिने पकडलं. आज शेवटचं पान आहे."

"पण तो शेवट..."

"मला काय सांगतेस? मीच तपासलाय ना तो."

ते वाचायला बसले. काकांचं वाचन म्हणजे रिपोर्ट सादर करणं. "बाईंनी. खिडकी. उघडली. पुढे." काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मी काकांच्या खुर्चीमागे उभी होते, टॅबवरची अक्षरं मला दिसत होती. ते शेवटच्या पानावर आले. दुसऱ्याच ओळीत बाई गेलेली होती, आणि खाली सगळी तिच्या अंत्यदर्शनाची गर्दी.

काका थांबले. उभ्या जन्मात ज्या माणसाने केसाएवढा फरक असलेला नग पुढे सोडला नाही, त्याने एकदा घसा खाकरला.

"मांडव घातला होता," ते म्हणाले. त्या पानावर मांडव कुठेच नव्हता. "खूप माणसं आली होती. हेडमास्तर पण आला होता. बाईंनी... हिरवा शालू नेसला होता. अक्षता पडल्या. समाप्त."

मी काकूंकडे बघितलं. त्यांना शेवट माहीत होता. यांनीच तर सांगितला होता, पेपर वाचता वाचता. काकूंचे मिटलेले डोळे मिटलेलेच राहिले, फक्त ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "आता ती लाल टिकली काढा. हिरवी लावा."

काका टीव्हीकडे गेले, त्या एका पुस्तकासाठी एक नवा नियम लिहिला आणि ओढून सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला.

"लावली," ते म्हणाले.

"आन् अवो, जेवायला काय व्हतं लग्नात?"

काकांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी टॅब उचलून पुन्हा त्या पानात काही सापडतंय का ते बघितलं, आणि मग खाली ठेवून दिला.

"मोदक," काका म्हणाले. "उकडीचे."

"मापात व्हते का?"

"मोजले नाहीत," काका म्हणाले. "सगळे पास."